मागल्या दारचा हिशेब

खोली घेतली तेव्हा मागलं दार उघडतच नव्हतं.
बाहेरून गाजरगवत रेटून उभं,
वसुलीला आल्यासारखं.
खांदा लावला तेव्हा फट पडली:
फुटका रांजण, ट्यूबलाइटच्या काचा,
घाणेरीच्या बुडाशी कुणाची तरी एकच चप्पल.

मी शिवणाची बाई.
गळ्यातली टेप काढून आधी माप घेतलं.
लांबी चौदा फूट, रुंदी नऊ,
भिंतीकडं थोडं तिरकं,
घाईत कापलेल्या कापडासारखं.
अशा तुकड्यातनंही काही ना काही निघतं.
वीस वर्षं तेच तर काढत आले.

हुकांच्या डब्याच्या तळाशी तीनशे चाळीस रुपये होते.
म्हटलं, एवढ्यातच. उसनं एक रुपया नाही.

सत्तर खुरप्याला गेले.
गवत फुलायच्या आत उपटलं, तोंडाला अस्तराची पट्टी बांधून,
तरी दोन दिवस शिंका.
वरचा वीतभर मुरूम, गिट्टी,
घर बांधून उरलेलं सगळं इथंच ओतलेलं.
एक-एक घमेलं उचलून रस्त्याच्या खड्ड्यात टाकलं.
तेव्हा कुठं काळी लागली,
भेगाळलेली.
टेप सोडली, एकवीस इंच आत गेली.
तेजूची गोटी गेली, ती अजून वर आलेली नाही.

शेणखताचं पोतं, ऑटोसकट दीडशे.
ऑटोवाला नाक दाबून म्हणाला,
मावशी, पुढल्या बारीला कोथिंबीर द्या मला.

कुंपणाला तुराट्या फुकट मिळाल्या,
बांधायला चिंध्या माझ्याकडं पोत्यानं.
गल्लीतल्या सगळ्या लग्नांचे रंग आता
त्या तुराट्यांवर आहेत:
पाटलांच्या सुनेचा मोरपंखी,
नर्सबाईंचा राणी,
आणि ते मोडलेलं लग्न, त्याचा शेवाळी,
ब्लाऊज न्यायला कुणी आलंच नाही.

नळ आठ दिवसाला.
दवाखान्यातल्या जिलानीभाईंच्या घरचे दोन कुर्ते उसवून दिले,
मजुरीत सलाईनच्या सहा रिकाम्या बाटल्या घेतल्या.
तांदळाचं धुवण गाळून त्यात भरते,
उलट्या टांगते.
थेंब. मग थेंब.
रात्री मशीन थांबवून दारात बसलं
की वार्डात कुणाच्या उशाशी बसल्यागत वाटतं.

चुका आला. अंबाडी आली.
गवार शेळीनं खाल्ली,
वीस रुपये तिच्या नावावर.
दुसरी पुडी आणली, ती उगवलीच नाही,
ते वीस कुणाच्या नावावर टाकू?
दोडका मात्र वेडा. चिंध्या धरून धरून
पत्र्यावर गेला, पिवळा फुलला.

एक तारखेला मन्मथअप्पा भाड्याला आले.
मागल्या दारात उभे राहिले. बराच वेळ.
“लई भारी दिसूलालीय की जागा.”
मग चष्मा पुसत,
“आता हिचं येगळं काढावं लागंल. दीडशे धरा.”

मी ऑर्डरची वही उघडली.
ब्लाऊजच्या मापांखालीच लिहिलेलं होतं:
गिट्टी, घमेली बासष्ट.
काच, एक बादली.
दिवस अकरा, सकाळी सहा ते आठ.
मजुरी: जागा रिकामी.

अप्पांनी दोनदा वाचलं.
“हे ल्ह्यायला कुणी सांगितलं?”
म्हटलं, मी सगळ्यांचंच माप लिहून ठेवते.

ते काही बोलले नाहीत.
चुक्याची जुडी घेतली, पिशवीत घातली,
चौकटीला हात लावून बघितला,
जणू दार आजच बसवलंय.

भाडं वाढलं नाही.
दिवाळीनंतर बघू, असं कुणाला तरी म्हणाले म्हणे.

डब्यात आता चाळीस उरलेत.
नर्सरीत मोगऱ्याचं रोप चाळीसलाच आहे.
तेजू म्हणते मोगरा.
मी म्हणते मिरची.
आज परत गेलो होतो दोघी,
रोपापुढं उभ्या राहून
तसंच आलो.